स्पोर्ट्स कारला कीलेस एंट्री, पुश स्टार्ट, टचस्क्रीन... खरंच हवंय का हे सगळं?

गिअरवेडा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे आणि मित्राकडे चौथ्या पिढीची. गेल्या रविवारी आम्ही दिवसभरासाठी गाड्या बदलल्या. त्याची गाडी मस्तच आहे, वळणावर माझ्यापेक्षा चपळ, ब्रेक तर कितीतरी चांगले, पण मला जे खटकलं ते सगळं गाडी हलायच्या आधीचं होतं. रिमोट खिशातच, हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडं, बसलो, क्लच दाबला, बटण दाबलं, इंजिन चालू. झालं. लिफ्टमध्ये शिरून मजल्याचं बटण दाबावं तसं वाटलं मला.

संध्याकाळी माझ्या गाडीशी आलो. माझ्या चावीची एक कड झिजून गुळगुळीत झालीये, दाराच्या लॉकमध्ये ती किंचित वर उचलूनच फिरवावी लागते नाहीतर अडकते, आणि हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. मग ते दोन बोटं जेमतेम मावतील एवढं बारकं हँडल. इग्निशनमध्ये पहिल्या खटक्याला डॅशवरचे दिवे लागतात, मग स्टार्टरचा घरघराट, आणि इंजिनने धरलंय हे कानाच्या आधी बोटांना कळतं तेव्हा चावी सोडायची. ऑइल प्रेशरचा काटा वर सरकतो. पाच सेकंदांचं काम आहे हो, पण त्या पाच सेकंदांत दिवसभराचं सगळं मागे राहतं आणि मी त्या गाडीत येतो, दुसऱ्या कशाने नाही येत.

रोजच्या गाडीला या सोयी असू देत, माझ्या घरातल्या दुसऱ्या गाडीला आहेतच आणि मला त्या आवडतात. पण दोन सीटची, डिकीत एक बॅग मावणारी, जमिनीला टेकलेली गाडी कुणी सोयीसाठी घेतं का? जी गाडी आपण फक्त चालवायचा आनंद म्हणून घेतो तिच्यातून एकेक गोष्ट आपल्या हातातून काढून घेतली तर मागे काय उरतं? शिवाय प्रत्येक सोय म्हणजे वजन. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमननी आयुष्यभर वजन कमी करण्याचाच ध्यास घेतला, त्यांच्या पश्चात १९९६ ला आलेली पहिली एलिस साधारण ७२५ किलोची होती, पॉवर स्टेअरिंगसुद्धा नाही. आज तेवढ्या वजनात काय मिळतं?

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा, विरोधात असलं तरी.

रेडलाईन

शंभर टक्के सहमत. फेरारी एफ४० बघा, १९८७ ची. आत गालिचा नाही, दार उघडायला हँडलच्या जागी केबल, ती ओढायची. स्टेअरिंगला पॉवर नाही, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी मदत) नाही, एबीएस नाही. ४७८ हॉर्सपॉवर आणि बाकी सगळं तुमच्या हातापायावर. कीलेस एंट्री असलेल्या एफ४० ची कल्पनाच करवत नाही.

इंजिनिअर_काका

रेडलाईन, एफ४० चं सगळं बरोबर लिहिलंत पण एक राहिलं, तिला एसी होता :) एवढं सगळं काढून टाकणाऱ्यांनी एसी ठेवला, कारण पाठीला चिकटून दोन टर्बोचं इंजिन तापलेलं असताना माणूस घामाघूम होऊन नीट गाडी चालवू शकत नाही. मॅकलारेन एफ१ (१९९२) घ्या, गॉर्डन मरेंनी ग्रॅमग्रॅम मोजून बनवलेली गाडी, ११३८ किलो, पॉवर स्टेअरिंग नाही, एबीएस नाही, पण एसी आहे, सीडी प्लेयर आहे, सामानाला जागा आहे. आणि ती बनवताना त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती होंडाची एनएसएक्स. १९९० ची एनएसएक्स म्हणजे एसी, पॉवर विंडो, चारी बाजूंनी स्वच्छ दिसणारी काच, रोज ऑफिसला न्यावी अशी. त्या काळी लोक नाकं मुरडायचे की ही फारच सोयीची आहे म्हणून, आणि मरेंना नेमकं तेच भावलं.

म्हणून 'सोय' हा एक शब्द वापरून सगळं एका पोत्यात भरू नका असं मला मनापासून वाटतं. एसी चालकाला ताजातवाना ठेवतो, स्टेअरिंग आणि माझ्या मनगटाच्या मधे तो येत नाही. मधे काय येतं ते वेगळं काढून बघायला पाहिजे.

आणि गिअरवेडा, वजनाचा मुद्दा तुमच्याच गाडीवर टिकत नाही. पहिली एमएक्स-५ साधारण साडेनऊशे किलोची आणि मित्राची नवी हजाराच्या आसपास. पंचवीसेक वर्षांत एअरबॅग, धडकेसाठी मजबूत बॉडी, मोठी चाकं, स्क्रीन सगळं वाढून जेमतेम पन्नासेक किलो! कीलेसचा भाग म्हणजे दोन-चार अँटेना आणि एक छोटा मॉड्यूल. वजन वाढतं ते मोठ्या चाकांनी, मोटर लावलेल्या सीटांनी, आवाज दाबणाऱ्या थरांनी. तिथे भांडूया.

गिअरवेडा

काका, वजनाचं मान्य, मी हिशोब न करता लिहिलं. पण हाताला मिळणाऱ्या अनुभवाचं काय? ते किलोत मोजता येत नाही.

उनाडपाखरू

माझा अनुभव लिहितो, कुठली गाडी ते सांगत नाही. बायकोला सकाळी स्टेशनवर सोडलं, ती उतरली, मी तसाच पुढे निघालो, छान मोकळा रस्ता होता, चाळीस एक किलोमीटर गेलो, एका ठिकाणी फोटो काढायला थांबलो आणि इंजिन बंद केलं. परत बटण दाबतो तर स्क्रीनवर 'चावी सापडत नाही'. रिमोट बायकोच्या पर्समध्ये, ती ट्रेनमध्ये! एकदा चालू झालेलं इंजिन रिमोट दूर गेला तरी बंद पडत नाही आणि ते बरोबरच आहे, चालत्या रस्त्यावर इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं. ती उतरली तेव्हा गाडीने टिंगटिंग केलं होतं पण ही गाडी दिवसभर कशासाठी ना कशासाठी टिंगटिंग करत असते, त्यामुळे मी लक्षच दिलं नाही. संध्याकाळपर्यंत तिथे बसून होतो. साधी चावी असती तर हे घडूच शकत नव्हतं, चावी लॉकमध्ये असल्याशिवाय गाडी चालूच होत नाही आणि ती लॉकमध्ये असताना दुसऱ्याच्या पर्समध्ये नसते.

शांत_सायलेन्सर

+१ त्या टिंगटिंगला. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झालीये, बंद केली तरी पुढच्या स्टार्टला परत आपोआप चालू. म्हणजे आता गाडीत बसल्यावरचा नवा विधी हाच, आधी दोन-चार गोष्टी बंद करा मग निघा. सुरक्षेसाठीच्या गोष्टींना माझा विरोध नाही, ईएससीने (गाडी घसरायला लागली की सावरणाऱ्या यंत्रणेने) माझा स्वतःचा जीव वाचवलाय ओल्या रस्त्यावर, पण बटणं तरी ठेवा हो! स्क्रीनच्या तिसऱ्या पानात जाऊन एसीचा वारा कमी करायचा म्हणजे दोन सेकंद रस्त्यावरून नजर गेली. ताशी १०० ला दोन सेकंद म्हणजे ५५ मीटर.

वळणवाट

कीलेसचा राग करणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. ही गोष्ट आलिशान गाड्यांतून स्पोर्ट्स कारमध्ये घुसली असं सगळ्यांना वाटतं. पण १९९३ च्या कॉर्व्हेटला पॅसिव्ह कीलेस एंट्री होती, जवळ गेलं की दार अनलॉक, लांब गेलं की लॉक. मोठ्या जर्मन सेडानमध्ये तशी सोय यायला त्यानंतर काही वर्षं गेली. म्हणजे स्पोर्ट्स कार इथे पुढेच होती.

आणि पोर्शची ती डाव्या हाताची चावी, जिच्यासाठी सगळे हळवे होतात. तिची कहाणी ल मॉंशी, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीशी जोडलेली आहे. तिथे पूर्वी चालक ट्रॅकच्या पलीकडून धावत यायचे, उडी मारून बसायचे आणि निघायचे. डाव्या हाताने चावी फिरवता फिरवता उजव्या हाताने गिअर टाकायचा, सेकंद वाचवायचा. म्हणजे बघा, ज्या चावीला आपण परंपरा म्हणतो तीसुद्धा मुळात वेळ वाचवायची सोयच होती! धावत येऊन घाईत निघणारे पट्टा न लावताच निघायचे म्हणून १९६९ ला जॅकी इक्स या चालकाने निषेध केला, तो मुद्दाम चालत गाडीपर्यंत गेला, शांतपणे पट्टा लावला, सगळ्यात शेवटी निघाला आणि २४ तासांनंतर जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरच्या फरकाने शर्यत जिंकला. त्यानंतर धावत सुटणं बंदच झालं. पोर्शने मात्र डावी बाजू सोडली नाही. ९११ च्या ९९२ या पिढीत चावीच्या जागी फिरवायची खुंटी आली, आणि २०२४ च्या बदलात खुंटी जाऊन बटण आलं, तेही डावीकडेच.

मला खुंटी गेल्याचं वाईट वाटलं हे मात्र कबूल करतो.

पाना_नंबर_दहा

मी गाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं. मला विधी वगैरे नंतर, आधी दोन गोष्टी, चोरी आणि बॅटरी.

चोरी कशी होते ते समजून घ्या कारण निम्म्या लोकांना माहीत नसतं. तुम्ही हँडलला हात लावला की गाडीतल्या अँटेना अगदी कमी फ्रिक्वेन्सीची हाक मारतात, साधारण १२५ किलोहर्ट्झ. ही हाक मीटर-दीड मीटरच्या पलीकडे ऐकू जात नाही. खिशातला रिमोट ती ऐकून जागा होतो आणि ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर आपलं गुप्त उत्तर पाठवतो. उत्तर बरोबर आलं म्हणजे रिमोट जवळच आहे असं गाडी धरून चालते. सगळी मेख इथेच आहे. एक चोर गाडीपाशी यंत्र धरून उभा राहतो, दुसरा तुमच्या घराच्या दारापाशी, आणि पहिला ती हाक पकडून दुसऱ्याकडे पोचवतो. रिमोट घरात टेबलावर पडलेला असतो, त्याला वाटतं गाडी शेजारीच आहे. कोड फोडायची गरजच नाही, नुसता निरोप पोचवायचा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ ला हे छापून दाखवलं होतं, आठ कंपन्यांची दहा मॉडेलं घेतली होती त्यांनी आणि सगळी उघडली. त्यानंतर कित्येक वर्षं तशाच गाड्या विकल्या जात राहिल्या, याचा मला खरंच राग येतो.

आता उपाय आलेत. काही रिमोट न हलता पडून राहिले की झोपतात. काहींना अल्ट्रा वाइडबँड आहे, त्यात सिग्नलला यायला-जायला किती वेळ लागला ते मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात फक्त ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळे मधे कुणी निरोप्या घुसला की उशीर लगेच कळतो. घेताना हे विचारा, लाजू नका. जुना रिमोट असेल तर धातूच्या डब्यात ठेवा.

बॅटरीचं. स्पोर्ट्स कार रोज चालत नाही, आठवड्यातून एकदा, कधी महिन्यातून एकदा. कीलेसवाली गाडी झोपलेली दिसली तरी ऐकत असते. समजा सगळं मिळून ३० मिलीअँपिअर ओढते, म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. ५० ची बॅटरी पाच आठवड्यांत अर्धी. रिमोट गाडीजवळच्या खुंटीला टांगला असेल तर दोघांचं बोलणं सारखं चालू राहतं, अजून लवकर. मग माणूस येतो आणि म्हणतो दारच उघडत नाही.

आणि हे नीट वाचा. २००५ ला आलेल्या कॉर्व्हेटला दाराचं बाहेरचं ओढायचं हँडल नाही, आतून पण बटण, लॅच विजेवर सुटतो. २०१५ च्या जूनमध्ये टेक्सासमध्ये एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा अशा गाडीत अडकले, बॅटरीची वायर सुटली होती, उन्हात दोघंही गेले. त्या गाडीत सीटच्या बाजूला जमिनीवर हाताने ओढायचा लिव्हर असतो. त्यांना तो सापडला नाही. तुमच्या गाडीत कीलेस असो नसो, विजेवरची दारं असतील तर तो लिव्हर कुठे आहे हे आजच बघा.

निळाई

मी इथे फार लिहीत नाही पण आज लिहावंसं वाटलं. मला गेली सात वर्षं बोटांचा संधिवात आहे. गिअरवेडा, तुम्ही चावीबद्दल जे लिहिलंत ते वाचताना मला माझी पहिली गाडी आठवली, तुमचं लिहिणं खोटं नाही. पण सकाळी माझ्या अंगठा आणि तर्जनीत कागद धरवत नाही, थंडीत झिजलेली चावी वर उचलून फिरवणं हे माझ्यासाठी पाच सेकंदांचं सुख नाही, त्या दिवशी गाडी न्यायची की नाही हे तिथेच ठरतं. गिअर मी तळहाताने ढकलते, स्टेअरिंग पूर्ण पंजाने धरते, क्लचला पाय मस्त आहेत. म्हणजे चालवणं मला जमतं आणि आवडतं, फक्त चिमटीत धरून पिळायच्या गोष्टी जमत नाहीत. त्या दोनच, दार उघडायची आणि इंजिन चालू करायची.

माझी आत्ताची गाडी मॅन्युअल आहे, छोटी आहे, मागची चाकं ओढतात, आणि कीलेस आहे. ते नसतं तर ती माझी नसती. ज्यांना ही सोय 'आळशी लोकांसाठी' वाटते त्यांनी एवढंच लक्षात घ्या की तुमचेही हात कायम असेच राहणार नाहीत.

रेडलाईन

निळाईताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर जे एका दमात लिहिलं तेव्हा हा विचार केलाच नव्हता. मनापासून लिहिलंत, आभार.

इंजिनिअर_काका

मला जे म्हणायचं होतं ते निळाईने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. दार उघडून इंजिन चालू होईपर्यंतची सोय वेगळी आणि चाकं फिरायला लागल्यावर मधे येणारी वेगळी. स्टेअरिंगमधून टायरखाली काय चाललंय ते कळणं, ब्रेक पेडलचा घट्टपणा, गिअर लिव्हरचा खटका, हे गेलं तर स्पोर्ट्स कार गेली. पोर्शने २०१३ ला ९११ ची जीटी३ फक्त पीडीके ऑटोमॅटिकमध्ये आणली तेव्हा केवढी ओरड झाली होती, आणि २०१६ ला मॅन्युअल ९११ आर आली तर ९९१ गाड्या हातोहात संपल्या, पुढच्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आलं. लोक भांडले म्हणून आलं. लोटसने एमिराला हायड्रॉलिक स्टेअरिंग ठेवलं. मरेंच्या टी.५० मध्ये टचस्क्रीनच नाही, हजार किलोच्या आत वजन, १२,१०० आरपीएमपर्यंत जाणारं व्ही१२, आणि पॉवर स्टेअरिंग फक्त पार्किंगच्या वेगाला मदत करतं, वेग घेतला की बाजूला होतं. यालाच मी विचार केलेली सोय म्हणतो.

टोयोटाच्या जीआर यारिसला हाताने ओढायचा हँडब्रेक आहे, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. बटणाचा पार्किंग ब्रेक जागा वाचवतो खरा, पण हँडब्रेकने मागची चाकं किती धरायची हे हाताने ठरवता येतं, बटणाने नाही.

वळणवाट

होंडा एस२००० विसरू नका. १९९९ ची. आधी चावी घालून फिरवायची, मग डॅशवरचं लाल बटण दाबायचं. दोन्ही करायला लागायचं. सोयीच्या नावाने बघितलं तर उलट एक काम वाढवलं होतं, तरी ज्याने ज्याने ते बटण दाबलंय तो अजून सांगतो. मग ९००० आरपीएमपर्यंत ते इंजिन ओरडायचं. बटण असलं की विधी मेला असं नाही म्हणून सांगतोय.

उनाडपाखरू

आणि चावीचा पर्याय द्या ना कंपन्यांनो. ज्याला कीलेस हवं त्याला द्या, ज्याला नको त्याला साधं लॉक. ऑर्डर देताना सीटच्या शिलाईचा रंग वीस प्रकारांत निवडता येतो.

पाना_नंबर_दहा

पर्याय देणं त्यांना महाग पडतं, वायरिंग, सॉफ्टवेअर, टेस्टिंग सगळं डबल. सगळ्यांना एकच दिलं की स्वस्त. पण बऱ्याच गाड्यांत पॅसिव्ह अनलॉक सेटिंगमधून बंद करता येतं, मग रिमोटचं बटण दाबूनच दार उघडतं. मी ज्यांची गाडी महिनामहिना उभी असते त्यांना तेच करायला सांगतो. मॅन्युअल वाचा.

गिअरवेडा

काल रात्री मित्राला फोन केला. म्हटलं तुझ्या रिमोटमध्ये एक चावी लपलेली असते, काढलीयेस कधी? त्याला माहीतच नव्हतं. आज सकाळी दोघांनी मिळून काढली, छोटा खटका सरकवला की पातं बाहेर येतं. दाराच्या हँडलशेजारी कीहोल शोधलं, चावी घातली, फिरवली, दार उघडलं. तो म्हणाला अरे हे छान वाटतंय! मग रिमोटचा सेल काढून ठेवला आणि रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून इंजिन चालू होतं का बघितलं, झालं.

निळाई, तुमचं वाचून धाग्याचं शीर्षक मी आता वेगळं लिहिलं असतं. चावीवर माझा जीव आहे तो आहेच, माझ्या गाडीतून ती कुणी काढू नये. पण तुमच्या गाडीला ती नसावी हेही तितकंच खरं. भांडायचंच असेल तर स्टेअरिंग, गिअर आणि बटणांसाठी, काका म्हणतात तसं.

निळाई

:) तुमची चावी जपा. आणि झिजलीये म्हणताय तर एक कोरी कापून ठेवा, झिजलेल्यावरून नाही, कंपनीच्या चावी-कोडवरून.

वळणवाट

पानाभाऊ, तुमचं वाचून आत्ता खाली जाऊन आलो. माझ्या गाडीची दारं विजेवरचीच आहेत, चार वर्षं वापरतोय. लिव्हर सापडला, ड्रायव्हर सीटच्या बाजूला, मीच नंतर घेतलेल्या मॅटच्या खाली दबलेला. मॅटला तेवढ्या जागी कात्री लावली आणि मुलीला चार वेळा ओढायला लावून बघितला.